स्तानाची परात

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची परात आहे. आणि आधीच सांगून ठेवते, मी ज्या घरात राहते त्या घरची मी नाही. स्वीडनमधल्या एका लहानशा गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते. येणारेजाणारे मान वर करून म्हणतात, ‘काय सुंदर आहे!’ कौतुक कोणाला नको असतं? पण माझ्या ते अंगी लागत नाही. का लागत नाही, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म बोस्नियातला, द्रिना नदीकाठच्या एका गावातला. तिथल्या तांबटांच्या पेठेत एका म्हाताऱ्या तांबटाने मला घडवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी तर नुसती परात होणार होते, तरी घाव काही कमी मिळाले नाहीत. शेवटी त्याने आतून कल्हई केली, चिंधीने पुसलं, आणि मी चांदीसारखी चमकायला लागले. ओब्रेन नावाच्या एका लाजाळू तरुणाने आपल्या लग्नासाठी मला विकत घेतलं. घरी नेताना आनंदाच्या भरात त्याने पुलावर मला पाडलं. काठाला पोचा आला तो आजही आहे. त्याची नवी नवरी स्ताना त्याला जन्मभर चिडवायची, “परात पाडलीस ते पाडलीस, मला तेवढं जपून धर!”

ही स्ताना माझी मालकीण. हे नाव तुम्ही लक्षात ठेवा.

गल्लीत माझ्याएवढी मोठी परात कोणाचीच नव्हती. त्यामुळे लग्न असो, बारसं असो, मयत असो, मला बोलावणं यायचंच. स्ताना चर्चमध्ये जाणारी सर्ब बाई, तर निम्मी गल्ली मशिदीत जाणाऱ्या मुसलमानांची. पण परातीला कसला आलाय धर्म! ख्रिस्ती सणाला माझ्यात पोळी भाजली जाई आणि ईदेला मी पलीकडच्या दारात असे. स्तानाची एक गोष्ट मला फार आवडायची. डुकराच्या चरबीला तिने माझ्या जवळपासही कधी फिरकू दिलं नाही. त्यासाठी तिने एक वेगळी, काळी, वाकडी परात ठेवली होती. मला तिने हे कधी बोलून दाखवलं नाही, शेजाऱ्यांनाही नाही.

आमच्याकडे एक रीत होती. तुमच्याकडेही असेल. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मी भरून जायचे आणि भरूनच यायचे. कधी अंडी, कधी मनुके, कधी नुसती मूठभर साखर. ज्या घरातून भांडं रिकामं परत आलं, त्या घराशी काहीतरी बिनसलं असं समजायचं.

माझ्यात जो पदार्थ व्हायचा तो असा. पीठ मळून, अख्खं टेबल झाकेल एवढी पातळ पोळी ताणायची. इतकी पातळ की खालची चादर दिसावी. तिच्यात बटाटा किंवा खिमा भरायचा, लांब गुंडाळी करायची आणि चकलीसारखी गोल गोल माझ्यात बसवून भट्टीत सारायची. खिम्याची असेल तरच तिला बुरेक म्हणायचं. बटाट्याच्या गुंडाळीला कोणी बुरेक म्हटलं, की स्ताना लाटणं उगारायची.

शेजारी हस्निया राहायची. ऐन तारुण्यात विधवा झालेली, लाकडाच्या वखारीत कामाला जाणारी. तिची मुलगी अझेमिना दिवसभर स्तानाच्याच स्वयंपाकघरात असे. स्तानाला मूल नव्हतं आणि ओब्रेन पुढे वारला. तेव्हा त्या पोरीने पीठ सांडलं, दूध सांडलं, तरी स्तानाला ते हवंच असायचं.

मग एका उन्हाळ्यात लढाई सुरू झाली. बाहेरून बंदुका घेतलेली माणसं आली, आणि गावातलीही काही त्यांना मिळाली. मुसलमानांना ‘तुर्क’ म्हणत ते त्यांच्या घरांत शिरू लागले. स्तानाचा सख्खा भाचा द्रागिशा त्यांच्यातच होता. हस्नियाचं घर जळलं त्या दिवशी हस्निया आणि अझेमिना स्तानाच्या तळघरात होत्या, बटाट्यांच्या ढिगामागे. आणि वर द्रागिशा स्तानाच्या टेबलाशी बसून सूप पीत होता.

“आत्या, शेजारीण कुठं गेली तुझी?”

“मला काय माहीत? माझ्याकडे चाव्या देऊन गेली नाही.”

“कोणाला लपवलंस तर माझं नाव जाईल हं. मग मी आत्याबित्या बघणार नाही.”

“सूप गिळ आधी. मग धमक्या दे.”

तो गेल्यावर स्तानाने दाराला कडी घातली. तिने पीठ काढलं. बटाट्याची गुंडाळी केली, मला गच्च भरलं, भाजलं आणि वर पांढरं फडकं टाकलं. मग तळघराचं दार उघडून म्हणाली, “चल गं. काळा रुमाल बांध, माझ्यासारखा. आपण मयताच्या घरी निघालोय. तू माझी सून, ही माझी नात. पोरी, तू आज मुकी आहेस. तोंड उघडलंस तर दाढेत वीज पडेल.”

मयताच्या घरी जेवण घेऊन जाणाऱ्या बायकांना आमच्याकडे कोणी अडवत नाही. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, त्या तिघी रस्त्याने चालू लागल्या. मी हस्नियाच्या हातात होते. परात दोन्ही हातांनी धरावी लागते, म्हणून तिचे हात कापताना कोणाला दिसले नाहीत. एवढं एक काम माझ्या हातून झालं.

पुलाच्या नाक्यावर एक परगावचा पोरगेला सैनिक होता. त्याने फडकं उचललं आणि एक तुकडा तोडून तोंडात टाकला.

स्ताना कडाडली, “अरे मेल्या! मयताच्या घरचा घास आधी तू खातोस? आई नाही का तुला घरी?”

“चुकलो आजी, चुकलो,” म्हणत त्याने गळ्यातल्या क्रुसाला हात लावला. “कोण गेलं?”

स्तानाने फडकं पुन्हा नीट झाकलं. मग म्हणाली, “ओळखीचं होतं. पूर्ण गल्लीच्या ओळखीचं.”

त्याने आम्हाला जाऊ दिलं. पुलापलीकडच्या वळणावर पळून जाणारी माणसं भरून नेणारा ट्रक उभा होता. हस्नियाने स्तानाचा हात धरला. “काकू, तुम्हीपण चला ना. तुम्हाला सोडणार नाहीत हे.”

“आणि गाईचं दूध कोण काढणार? तो द्रागिशा?” स्तानाने हात सोडवून घेतला. अझेमिनाच्या गालावरचं पीठ पुसलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “परात परत आणून दे. आणि रिकामी आणू नकोस.”

ट्रक निघाला. स्ताना रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिचे हात रिकामे होते, आणि ती त्याच नाक्यावरून परत जाणार होती. तो सैनिक तिला विचारणार होता, सून कुठंय? नात कुठंय? परात कुठंय? मित्रांनो, या प्रश्नांचा विचार तेव्हा ना हस्नियाच्या मनात आला, ना माझ्या. आम्ही सुटलो होतो. सुटलेल्याला मागचं उशिरा दिसतं.

माझ्यातल्या बटाट्यावर त्या दोघींनी आणि ट्रकमधल्या सगळ्यांनी दोन देशांच्या हद्दी ओलांडल्या. शेवटी बोटीतून आम्ही स्वीडनला उतरलो. तिथे एका तळ्याकाठच्या, बंद पडलेल्या हॉटेलात आश्रय मागणाऱ्यांची छावणी होती. पाव गोड, कॉफी पाण्यासारखी, आणि उन्हाळ्यात अंधारच पडत नाही. लोक चांगले होते. ब्लँकेट देत, बूट देत, दात तपासत. पण खिडक्या सताड उघड्या ठेवत. आमच्या बायका वाऱ्याच्या झोताला तापापेक्षा जास्त भिणाऱ्या. त्या मागोमाग जाऊन खिडक्या लावत. दिवसभर हा खेळ चालायचा.

छावणीत सगळे एकाच गोष्टीची वाट बघत. कचेरीतून बोलावणं येणार, प्रश्न विचारणार, आणि मग ठरणार, इथे राहायचं की परत जायचं. शेफ्को नावाचा एक गृहस्थ त्या बाबतीत छावणीचा पंडित होता. स्वतःची मुलाखत अजून झाली नव्हती, तरी दुसऱ्यांना तयारी करून द्यायचा.

“हस्निया, एक ध्यानात ठेव. सर्ब शेजारणीनं वाचवलं, हे चुकूनसुद्धा बोलू नकोस.”

“पण तिनंच वाचवलं ना.”

“वाचवलं असेल! पण ते काय म्हणतील? एवढी चांगली शेजारीण होती, तर तिच्याकडेच राहायचं होतंस की! झालं. पोरीला घेऊन परत जा मग द्रागिशाच्या पंगतीला.”

हस्नियाने खाली वाकून अझेमिनाच्या बुटांची नाडी बांधली. बांधलेली सोडली आणि पुन्हा बांधली.

बोलावणं आलं त्या दिवशी हस्नियाने छावणीच्या भट्टीत माझ्यात पनीर भरलेली गुंडाळी भाजली. सरकारी झालं तरी कोणाच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं? आमच्या गावात तलाठ्याकडे गेलं, तरी दोन अंडी नेत. लाच म्हणून नाही, माणुसकी म्हणून. फडकं टाकून तिने मला टेबलावर ठेवलं आणि साहेबीणबाईंपुढे सरकवलं.

साहेबीणबाई सोनेरी केसांच्या, मऊ आवाजाच्या होत्या. त्या दचकल्या. त्यांनी मला दोन बोटांनी परत सरकवलं. दुभाषी बाई म्हणाली, “त्यांना घेता येत नाही. नियम आहे. कृपा करून खाली ठेवा.”

हस्नियाचा चेहरा पांढराफटक पडला. भरलेलं भांडं नाकारलं! आमच्याकडे मुलीचं स्थळ नाकारतानाही कोणी असं करत नाही. तिला वाटलं, निकाल लागला. प्रश्न विचारायच्या आधीच आपल्याला नको म्हटलं. तिने मला पायाशी जमिनीवर ठेवलं, आणि ती त्यानंतर भीतीनेच उत्तरं देत गेली. घर जळलं, हो. तळघरात लपलो, हो. नाका ओलांडला, हो.

“आणि तिथून बाहेर पडायला तुम्हाला कोणी मदत केली?”

हस्नियाने माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मग ती दाराकडे बघून म्हणाली, “कोणी नाही. कोणीसुद्धा नाही. सगळे शेजारी उलटले होते.”

दुभाषी बाईने ते शब्द जसेच्या तसे पुढे नेले. खोलीत पनीरचा वास भरून राहिला होता.

मित्रांनो, तांब्याला वाजता येतं. एखाद्याचा पाय लागता आणि मी खणखणले असते, तर बरं झालं असतं असं मला कित्येकदा वाटतं. पण कोणाचा पाय लागला नाही. मी तिच्या पायाशी गप्प बसले, आणि स्तानाचं नाव त्या खोलीत घेतलं गेलं नाही. परतताना हस्नियाने ती गुंडाळी छावणीतल्या पोरांना वाटली. स्वतः तुकडाही खाल्ला नाही.

गंमत अशी, की पुढे त्या छावणीतल्या बहुतेक सगळ्यांना राहायची परवानगी मिळाली. ज्यांनी खरं सांगितलं त्यांनाही मिळाली. पलीकडच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्याने तर आपल्या सर्ब मित्राचं नाव, बापाचं नाव, कुत्र्याचं नावसुद्धा सांगितलं होतं. त्यालाही मिळाली. हे कळलं तेव्हा हस्निया मला घासत होती. ती एकाच जागी किती तरी वेळ घासत राहिली.

मग हे तिसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. हस्निया म्हाताऱ्या लोकांच्या आश्रमात कपडे धुवायच्या कामाला लागली. अझेमिना शाळेत जाऊन तिथली भाषा पक्ष्यासारखी बोलू लागली, आणि आई मात्र दुकानात बोटाने दाखवून वस्तू मागायची. जिन्यात भेटलेल्या माणसाला आपण कुठून आलो, पोरं किती, पगार किती, हे विचारायची तिची सवय. लोक हसून पटकन दार लावून घेत. इथे कोणाकडे जायचं तर आधी फोन करून वेळ घ्यावी लागते, हे तिला पहिल्यांदा खोटंच वाटलं. “मयतालाही वेळ घेऊन जातात का गं?” ती पोरीला विचारायची.

समोरच्या दारात गुन्नर नावाचे एकटे राहणारे आजोबा होते. एका रविवारी हस्नियाने मला खिम्याच्या बुरेकने भरलं आणि त्यांच्या दारात नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला परत आणून दिलं. रिकामं. नुसतं रिकामं नाही, घासून घासून लख्ख केलेलं.

दार लावून हस्निया खालीच बसली. “रिकामी! मी काय वाईट केलं यांचं?”

अझेमिना हसायला लागली. “आई, त्यांच्याकडे भांडं स्वच्छ करून देतात. तोच मान. त्यांच्या हातांकडे बघितलंस? लाल झालेत. रात्रभर घासलीय बिचाऱ्यांनी.”

हस्नियाला हसू आलं नाही. तिने मला उलटं केलं. माझ्या पाठीवर स्तानाच्या भट्टीचं किती तरी वर्षांचं काळं बसलं होतं. ते सगळं गेलं होतं. आतली कल्हईही तारेच्या घासणीने जागोजागी उडाली होती. बिचाऱ्या आजोबांचा काय दोष? पण त्या दिवसापासून माझ्यात काही शिजवता येईना, कारण उघड्या तांब्यात अन्न कळकतं. कल्हईवाला त्या अख्ख्या मुलखात नव्हता. मग मला खिळा ठोकून भिंतीवर लावलं. कौतुकाचे दिवस तेव्हा सुरू झाले आणि कामाचे संपले.

पाहुणे विचारायचे, “ही कोणाची?”

एकदा हस्निया म्हणाली, “माझ्या आईची.” मग पुढे ती तसंच म्हणत राहिली. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं लागतंच. माझ्या काठाला ओब्रेनचा पोचा होता, आणि मी हस्नियाच्या आईची म्हणून मिरवत होते. भिंतीवरची वस्तू मान खाली घालू शकत नाही, नाहीतर मी घातली असती.

वर्षं गेली. अझेमिना मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि तीच आता दुभाषी झाली. दुसऱ्या लढायांतून पळून आलेल्या बायकांबरोबर ती कचेरीत बसते. एका संध्याकाळी ती आली आणि कोटही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

“आई, आज एक बाई म्हणाली, मला कोणी मदत केली नाही. आणि म्हणताना दाराकडे बघत होती.”

हस्निया कॉफी ओतत होती. ती ओततच राहिली. कॉफी बशीत सांडली.

“ही परात आजीची नाही ना?” अझेमिना म्हणाली. “मला बटाट्यांचा वास आठवतोय. मी मुकी होते ते आठवतंय. स्तानाकाकूंचं नाव तू त्यांना सांगितलं होतंस?”

“तू लहान होतीस. तुला परत नेलं असतं तर?”

“मी ते नाही विचारलं.”

मग हस्निया बोलली. शेफ्को, गुंडाळी, साहेबीणबाई, सगळं. बोलून झाल्यावर पदर नसलेल्या त्या बाईने हाताचे तळवे तोंडावर घेतले. “कोणत्या तोंडानं जाऊ गं तिच्याकडे? जिवंत आहे की नाही तेही विचारायची हिंमत झाली नाही कधी.”

“तोंड आहे तेच घेऊन जायचं,” अझेमिना म्हणाली. “आणि परात.”

शरद ऋतूत आम्ही गाडीने निघालो. अलीकडच्या एका गावात तांबटांची पेठ अजून तग धरून होती. तिथल्या म्हाताऱ्याने मला भट्टीवर धरलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, आणि मी पुन्हा आतून चांदीची झाले. “इतकी वर्षं भिंतीला लावली होती?” तो हस्नियाला रागावला. “परात म्हणजे काय तसबीर आहे?” बाजारातल्या बेकरीवाल्याच्या भट्टीत हस्नियाने बटाट्याची गुंडाळी भाजली. तीच, त्या दिवशीची.

गल्ली ओळखू आली, पण माणसं ओळखू येईनात. लोक खिडकीआडून बघत होते. एक बाई दुसरीला काहीतरी म्हणाली, त्यात ‘परात’ एवढं मला ऐकू आलं. स्ताना दारातल्या बाकावर बसली होती. वाळून काटकी झाली होती. तिने आधी मला पाहिलं, मग हस्नियाला, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, “आली का चोरटी!”

हस्निया जागच्या जागी थिजली. मला तिने छातीशी धरलं.

स्ताना काठी टेकत उठली. आता तिचा आवाज खाली आला होता. “नाक्यावरच्या त्या पोरानं विचारलं, सून कुठंय? म्हटलं, मयताच्या घरी थांबलीय. पण द्रागिशाला कळलंच. परात कुठंय विचारत आला. मला पाडलंन, हे बघ, हा हात तेव्हापासून वर जात नाही. मी सांगितलं, त्या तुर्किणीनं चोरली. माझ्या घरात शिरली, परात उचलली आणि पळाली. मला काय म्हणून मारतोस, तिला शोध. मग सोडलं त्यानं. तेव्हापासून इथं तू चोर आहेस. मी सगळ्यांना तेच सांगत आले. पुढे लढाई संपली, द्रागिशा दारू पिऊन मेला, तरी सांगत आले. जीभ वळली होती तशी, उलटी वळवायला लाज वाटली.”

हस्निया म्हणाली, “काकू, मी तिथं सांगितलं, मला कोणी मदत केली नाही. सगळे शेजारी उलटले म्हणून सांगितलं.”

दोघी समोरासमोर उभ्या होत्या. मध्ये मी, वाफाळणारी.

“म्हणजे तू मला पुसलंस आणि मी तुला चोर केलं,” स्ताना म्हणाली. “बरी फेड केली आपण.”

तिने अझेमिनाचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि पीठ लागलं असावं तसा पुसला. मग कोणाला काही न विचारता ती माझ्यावरचं फडकं काढून चालू लागली. हस्नियाला म्हणाली, “तूच धर. माझा हात चालत नाही. तोंड चालतं.”

आणि मित्रांनो, त्या दोघी मला घेऊन दारोदार गेल्या. प्रत्येक दारात स्ताना तेच म्हणाली, “हस्नियानं परात आणून दिलीय. चोरली नव्हती. मी दिली होती. मी खोटं बोलले. तुकडा घ्या.” कोणी घेतला, कोणी मान फिरवली. द्रागिशाच्या घराचं दार उघडलं नाही. स्तानाने एक तुकडा त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि ती पुढे गेली.

परत आल्यावर मी रिकामी होते. हस्नियाने मला टेबलावर, माझ्या जुन्या जागी ठेवलं. मला वाटलं, संपला प्रवास, आले घरी. पण स्ताना मागच्या खोलीतून एक पोतं ओढत आणू लागली. त्यात अक्रोड होते.

“तुझ्या अंगणातल्या झाडाचे,” ती म्हणाली. “घर जळलं, झाड नाही जळलं. दर वर्षी वेचते. दर वर्षी वेचायचे आणि बाजारात जाऊन तुला चोर म्हणायचे.” तिने एका हाताने मला अक्रोडांनी काठोकाठ भरलं. “घेऊन जा. भट्टी बंद झाली माझी, कोणासाठी भाजू? पण या वेळी सगळ्यांच्या देखत ने. दिलेली म्हणून ने.”

हस्निया तेव्हा जी रडली, तशी ती ट्रकमध्येही रडली नव्हती.

पुढच्याच हिवाळ्यात स्ताना गेली. हस्निया स्वीडनला परतल्यावर मला घेऊन त्या कचेरीत गेली होती, खरं सांगायला. पण ती कचेरी तिथून हललेली होती. त्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. साहेबीणबाई कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. दुकानातल्या मुलीने विचारलं, “तुम्हाला काय हवंय?” हस्निया म्हणाली, “काही नाही,” आणि परतली. स्तानाने आपलं खोटं दारोदार जाऊन मागे घेतलं. हस्नियाला मात्र आपलं मागे घ्यायला दारच उरलं नाही.

आता मी रोज भिंतीवरून उतरते. रविवारी गुन्नर आजोबांकडे जाते. तेही शिकले आहेत. परत करताना माझ्यात सफरचंदं घालतात. फक्त घासायचं सोडत नाहीत. पाहुण्यांनी ‘ही कोणाची?’ विचारलं, की हस्निया पूर्ण नाव सांगते, गाव सांगते, आणि तो दुखरा हातही सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरातही दुसऱ्याचं एखादं भांडं राहून गेलं असेल. शोधून काढा. ते फार दिवस ठेवू नका, आणि रिकामं देऊ नका. आणि ज्याने तुम्हाला पूल ओलांडून दिला, त्याचं नाव विचारलं जाईल तिथे लगेच घ्या. उशीर झाला की विचारणारं माणूस राहत नाही.

त्या खोलीत, पनीरच्या वासात, एक प्रश्न अजून माझ्यासमोर तसाच उभा आहे. तुम्हाला कोणी मदत केली?

स्तानाने.